एका दिवसात ७२ कपडे?

पत्र

सहा वर्षं मी शर्यती आणि सामने शूट करतोय. आता व्यायामाचे कपडे बनवणाऱ्या एका नव्या ब्रँडने मला पहिल्यांदाच जाहिरातीचं काम विचारलंय. २४ स्टाइल्स, प्रत्येकी तीन रंग. वेबसाइटच्या कॅटलॉगसाठी प्रत्येक कपड्याचे चार फोटो, शिवाय कॅम्पेनसाठी ‘धावताना, उड्या मारताना, एनर्जीवाले’ फोटो. सगळं एका दिवसात, दोन मॉडेल घेऊन. ब्रीफ म्हणून त्यांनी मोठ्या ब्रँडांच्या जाहिरातींचे अकरा स्क्रीनशॉट पाठवलेत. कोणते लाइट आणि लेन्स घेऊ? कोटेशन कसं देऊ? आणि असं काम मी पहिल्यांदाच करतोय, हे त्यांना सांगू का?

उत्तर

तुमचं पत्र वाचून मी आधी कॅल्क्युलेटर काढला. २४ गुणिले ३ म्हणजे ७२ कपडे, प्रत्येकी चार म्हणजे २८८ फोटो. कपडा बदलायचा, स्टीमर फिरवायचा, मागून चिमटे लावायचे, चारही बाजू टिपायच्या, स्क्रीनवर मोठं करून बघायचं. हे सगळं सरावलेली टीम आठ मिनिटांत उरकते असं धरू. ७२ गुणिले ८ म्हणजे ५७६ मिनिटं. नऊ तास छत्तीस मिनिटं झाली, अजून कोणी जेवलेलं नाही, एकही लाइट हललेला नाही आणि एक पाऊलही कोणी धावलेलं नाही. दोन मॉडेल आळीपाळीने उभे केले तर वेळ थोडा वाचतो, पण मग कपडे तयार ठेवायला एकाऐवजी दोन जोड हात लागतात, आणि तुमच्या पत्रात एकाही हाताचा उल्लेख नाही.

लाइट-लेन्सचं नंतर बघू. ब्रँडने दोन वेगळी शूट्स एका दिवसात कोंबली आहेत, आणि ती सोडवणं हे तुमचं पहिलं काम आहे. कॅटलॉगचा फोटो बघणाऱ्याला गळा किती खोल आहे, खिसा कुठे आहे, लांबी कुठवर येते, शिवण कशी आहे हे बघायचं असतं. तिथे लाइट सपाट, कॅमेरा ट्रायपॉडवर आणि पहिला फोटो सत्तराव्यासारखाच दिसला पाहिजे. कॅम्पेनचा फोटो बघणाऱ्याला खिशाशी काही घेणं नसतं. एकाच लाइटिंगमध्ये दोन्ही काढायला गेलात की कॅटलॉग नाटकी होतो आणि कॅम्पेन मरगळलेलं.

तेव्हा ब्रँडला उलटा प्रस्ताव द्या. प्रत्येक स्टाइलचा एक रंग मॉडेलवर, पूर्ण चार फोटो. उरलेले दोन रंग फक्त समोरून आणि मागून, तेही मॉडेलशिवाय, म्हणजे पुतळ्यावर चढवून नंतर फोटोतून पुतळा पुसून टाकायचा किंवा सरळ सपाट मांडून वरून घ्यायचे. त्याला एका कपड्यामागे चार मिनिटं पुरतात. हिशेब असा होतो: २४ गुणिले ८ म्हणजे १९२ मिनिटं, ४८ गुणिले ४ म्हणजे पुन्हा १९२. एकूण सहा तास चोवीस मिनिटं आणि १९२ फोटो. हा माणसाचा दिवस झाला. कॅम्पेनला दुसरा दिवस, आणि त्यासाठी २४ पैकी फक्त सहा स्टाइल्स. कोणत्या सहा, हे ब्रँडने ठरवायचं. ते ठरवताना त्यांच्यातच वाद होतील. ते शूटच्या आधी झालेले बरे.

आता ते अकरा स्क्रीनशॉट. ते ब्रीफ नव्हे, पण फेकूनही देऊ नका. ब्रँडच्या माणसाला फोनवर घ्या आणि एकेका फोटोबद्दल विचारा की यातलं नेमकं काय आवडलं. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा उत्तर भलतंच येतं. धावणाऱ्या बाईच्या फोटोत त्यांना मागची सकाळची तिरपी उन्हं आवडलेली असतात, धावणं नाही. मग विचारा, फोटो लागणार कुठे? वेबसाइटच्या माथ्यावर आडवी पट्टी असेल तर मॉडेल एका बाजूला आणि दुसरीकडे अक्षरांसाठी मोकळी जागा लागते. मोबाइलवरच्या उभ्या जाहिरातीला नऊस सोळाचा आकार लागतो, त्यात वर उडी मारणारा माणूस बसतो, आडवा धावणारा कापला जातो. उत्पादनाच्या पानावर बहुधा चारास पाच किंवा चौकोन. हे आधी कळलं नाही तर तुम्ही शर्यतीच्या सवयीने चौकट गच्च भराल, आणि मग डिझायनर पायाची बोटं शोधत बसेल.

कपड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण शर्यतीत ही बाजू तुमच्या वाट्याला कधी आलेली नाही. तिथे लोक स्वतःच कपडे घालून येतात.

सॅम्पल सहसा एकाच मापात येतात. म्हणून आधी सॅम्पलचं माप विचारायचं, मग मॉडेल ठरवायचा. मॉडेल आवडला म्हणून घेतला आणि टाइट्स मांडीवर ताणल्या गेल्या, तर छापील डिझाइनच्या फटींतून पांढरं कापड दिसायला लागतं. फिक्या रंगाच्या लेगिंग्ज ताणल्या की पारदर्शक होतात. आदल्या दिवशी फिटिंग ठेवा आणि प्रत्येक लेगिंगमध्ये मॉडेलला एकदा पूर्ण खाली बसायला सांगून मागून बघा. ज्या टिकणार नाहीत त्यांची यादी ब्रँडला तेव्हाच कळवा. हे शूटच्या दिवशी कॅमेऱ्यात दिसलं तर खापर तुमच्या लाइटवर फुटतं.

मॉडेलला निरोप द्या की घरून सैल कपड्यांत ये, घट्ट मोजे घालू नकोस. इलॅस्टिकचे वळ कातडीवर अर्धा तास सहज राहतात, आणि स्पोर्ट्स ब्राचं शूट असेल तर तो अर्धा तास तुमच्या खिशातून जातो. अंगाच्या रंगाचे, बिनशिवणीचे आतले कपडे हवेत. कपडा डोक्यावरून घालताना चेहऱ्यावर पातळ स्कार्फ टाकायचा, नाहीतर पांढऱ्या टी-शर्टच्या गळ्याला फाउंडेशनची कड लागते. पांढरे कपडे आधी उरका. क्रम स्टाइल नंबरप्रमाणे लावू नका. खालची टाइट्स तीच ठेवून वरचे सगळे टॉप एका दमात घ्या, मग खालचं बदला.

स्टीमर घ्या, इस्त्री नको. सिंथेटिक कापडावर इस्त्रीची चकाकी उठते आणि ती रीटचमध्ये काढणं म्हणजे शिक्षा आहे. शिवाय चिमटे, टाचण्या, लिंट रोलर, दुहेरी चिकटपट्टी, कात्री. आणि एक माणूस, ज्याचं काम फक्त एवढंच की नाडीची दोन टोकं सारखी लोंबतायत का, चेन वरपर्यंत आहे का, लेबल बाहेर डोकावतंय का, हे बघायचं. तुम्हाला वाटेल हे मी बघेन. नाही बघणार. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा घातला की माणसाला नाडी दिसत नाही. बाहेर धावायचं असेल तर बुटांच्या दोन जोड्या मागा. ज्या जोडीचा तळ फोटोत दिसणार ती मातीला लावायचीच नाही.

आता रंग. इथे माझीच फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी एका ब्रँडसाठी काळ्या टाइट्स आणि काळं जॅकेट शूट केलं. डोळ्यांना दोन्ही एकसारखे काळेकुट्ट. स्क्रीनवर जॅकेट काळं आणि टाइट्स चक्क मरून. मला वाटलं व्हाइट बॅलन्स चुकला. तो दुरुस्त केला तर जॅकेट हिरवट झालं. चाळीस फोटो मी हाताने निवडून-निवडून रंगवले आणि कारण नंतर कळलं. कॅमेऱ्याच्या सेन्सरला माणसाच्या डोळ्याला न दिसणारा जवळचा इन्फ्रारेड प्रकाशही दिसतो. त्याच्यापुढचा फिल्टर तो बराचसा अडवतो, सगळा नाही. काही सिंथेटिक काळे रंग दिसणारा प्रकाश गिळतात आणि इन्फ्रारेड मात्र भरभरून परत फेकतात. तो कॅमेऱ्यात लाल होऊन उतरतो. हॅलोजनच्या दिव्यांत इन्फ्रारेड भरपूर असतो, एलईडीत जवळजवळ नसतो. म्हणून आता शूटच्या आधी प्रत्येक काळ्या कापडाचा एक फोटो काढून बघते. लालसर आला तर लेन्सवर इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर लावते किंवा तेवढा भाग एलईडीवर घेते.

निऑन रंगांचं दुखणं उलट आहे. त्या रंगद्रव्यांवर अतिनील आणि निळा प्रकाश पडतो आणि ती तो हिरवा, पिवळा किंवा नारिंगी करून परत देतात. म्हणून कापड स्वतःच पेटल्यासारखं दिसतं. साध्या स्क्रीनच्या एसआरजीबी रंगपट्टीत तो रंग मावतच नाही. तो हुबेहूब येणार नाही, जवळपास येईल, हे ब्रँडला आधीच लेखी कळवा, आणि एडिटिंग करताना सॅम्पल शेजारी ठेवा. एक गंमत लक्षात असू द्या: निऑन पिवळ्या टी-शर्टवरून उसळलेला प्रकाश मॉडेलच्या हनुवटीखाली पडतो आणि माणूस आजारी दिसतो. ते रीटचमध्येच जातं, तेव्हा त्याचा वेळ कोटेशनमध्ये धरा. प्रत्येक लाइटिंगच्या सुरुवातीला २४ चौकटींचं कलर चेकर मॉडेलच्या हातात देऊन एक फोटो घ्याच.

जाळीच्या कापडावर आणि बारीक विणीवर मोआरे येतो, म्हणजे प्रत्यक्षात नसलेल्या इंद्रधनुषी लाटा. कापडाची वीण आणि सेन्सरच्या पिक्सेलची जाळी एकमेकींवर पडल्यामुळे तो दिसतो. एक पाऊल मागे-पुढे व्हा, कोन जरा बदला, बहुतेकदा जातो. पण तपासताना फोटो शंभर टक्के मोठा करून बघा, कारण लहान करून दाखवलेल्या चित्रात स्क्रीन स्वतःचाही खोटा मोआरे दाखवते. आणि ते चमकणारे पट्टे, रात्री धावणाऱ्यांच्या कपड्यांवरचे: ते प्रकाश आला तिकडेच परत पाठवतात. लाइट लेन्सच्या अगदी जवळ असेल तर पट्टा भगभगतो, बाजूला नेला की साधा राखाडी होतो. ब्रँडला दोन्ही फोटो लागतात.

कॅम्पेनच्या दिवशी तुम्हाला आपल्या घरीच असल्यासारखं वाटेल. मार्टिन मुनकाची हाही तुमच्याच वाटेने आलेला, मूळचा हंगेरीतला क्रीडा छायाचित्रकार. १९३३ मध्ये ‘हार्पर्स बझार’साठी पोहण्याच्या कपड्यांचं काम आलं तेव्हा त्याने मॉडेलला समुद्रकिनाऱ्यावर चक्क धावायला लावलं. त्या काळी फॅशनचे फोटो बहुतेक स्टुडिओत, पुतळ्यासारखं उभं राहून निघत. तेव्हा सामने शूट करणारा या कामात कमी पडतो, असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

शटर स्पीड मी तुम्हाला शिकवायला नको. सेकंदाला पाच मीटर वेगाने धावणारा माणूस एक-अडीचशेवर, म्हणजे सेकंदाच्या अडीचशेव्या भागात, दोन सेंटिमीटर सरकतो, एक-हजारवर पाच मिलिमीटर, आणि पुढे झेपावणारा पाय त्याच्या जवळपास दुप्पट. सेकंदाला दहा फ्रेम घेणाऱ्या सलग बर्स्टमध्येही दोन फ्रेम्सच्या मध्ये अर्धा मीटर निसटतो. पण इथे एक सोय आहे जी शर्यतीत नव्हती: क्षण पुन्हा घडवता येतो. जमिनीवर टेपने खूण करा, पाऊल तिथेच पडेपर्यंत मॉडेलला चार वेळा हळू धावू द्या, फोकस तिथे बांधा, आणि मग खरं धावणं. टेप नंतर पुसता येते.

शर्यतीत तुम्ही चेहरा टिपता. इथे कपडा टिपायचा आहे. लोगो डाव्या छातीवर असेल तर प्रत्येक दुसऱ्या पावलाला डावा हात पुढे येऊन तो झाकतो. म्हणजे दोनातलं एकच पाऊल उपयोगाचं: डावा पाय पुढे, डावा हात मागे, कॅमेरा धावणाऱ्याच्या डाव्या अंगाला समोरून. कॅमेरा साधारण कमरेच्या खाली ठेवा, उडी उंच वाटते. अजून खाली नेऊन वाइड लेन्स लावलीत तर बूट होडीएवढे होतील.

मॉडेल खरोखर धावणारा घ्या. एकदा आम्ही दिसायला देखण्या मुलाला जागेवर उभं करून ‘धावण्याची पोज’ द्यायला लावली होती. उजवा पाय पुढे, आणि उजवाच हातही पुढे. आमच्यातल्या कोणाच्या लक्षात आलं नाही. फोटो छापून आल्यावर एका प्रशिक्षकाने विचारलं, हा धावतोय की पडतोय? तेव्हापासून जो खेळ दाखवायचा तो खेळणारा एक माणूस मी सेटवर ठेवते. बारबेलची पकड, योगासनातला गुडघा, पळतानाचे खांदे, हे त्यालाच दिसतं. तुम्हाला पळण्यातलं कळतं, वजनांतलं कदाचित नसेल.

दमलेल्या माणसाचे खांदे वर चढतात आणि जबडा आवळतो. जोर लावून बारा-पंधरा धावा झाल्या की संपलं. म्हणून वॉर्मअपनंतर सगळ्यात कठीण उडी, मग धावणं, मग स्ट्रेचिंग, शेवटी उभं राहून हसणं. घाम सगळ्यात शेवटी. कातडीवर ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं करून स्प्रे करतात, थेंब टिकून राहतात. कपड्यावर मात्र साधं पाणीच, ग्लिसरीनचा डाग पडतो. मेलांज राखाडीवर, म्हणजे फिक्या-गडद धाग्यांच्या मिश्र राखाडीवर, ओल सगळ्यात गडद दिसते. घाम झटकन वाळतो असं सांगून जो टी-शर्ट विकायचा आहे, त्याच्या काखेत काळा नकाशा दिसला तर ब्रँडचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आता लाइट-लेन्स. काहीच विकत घेऊ नका, भाड्याने आणा. ७०-२०० लेन्स तुमच्याकडे असणारच. कॅटलॉगला दोन मोठे सॉफ्टबॉक्स आणि बॅकग्राउंडसाठी वेगळे दोन लाइट पुरतात. बॅकग्राउंड मॉडेलपेक्षा एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजळ ठेवा. त्याहून वाढवलंत की पांढरा उजेड कपड्याच्या कडा खायला लागतो आणि पांढरा टी-शर्ट हवेत विरतो. स्टुडिओत उडी गोठवायची असेल तर फ्लॅश घेताना एक आकडा नीट वाचा. दुकानदार टी ०.५ सांगतो, म्हणजे फ्लॅश निम्म्याहून जास्त जोरात असतो तेवढाच वेळ. तुम्हाला हवा टी ०.१, म्हणजे जोर दहाव्या हिश्श्यावर येईपर्यंतचा वेळ, आणि तो साधारण तिप्पट लांब असतो. पेटीवर एक-हजार लिहिलेला फ्लॅश प्रत्यक्षात तीनशे-सव्वातीनशेचंच काम करतो. बोटं अस्पष्ट का आली, याचं कोडं मग रात्रभर सुटत नाही.

कोटेशनमध्ये एकच आकडा लिहू नका. तयारी आणि फिटिंगचे दिवस, शूटचे दिवस, टीम, भाड्याचं सामान, ठरलेल्या संख्येचं एडिटिंग आणि रीटचच्या दोन फेऱ्या हे वेगवेगळं मांडा. तिसरी फेरी लागली तर तिचा दर आत्ताच लिहा. वापराचे हक्क वेगळ्या ओळीत: कोणत्या माध्यमात, किती मुदत, कोणत्या प्रदेशात. वेबसाइटवरचे १९२ फोटो आणि होर्डिंगवरचा एक फोटो यांचा हिशेब एक नसतो. मॉडेलच्या संमतीपत्रातही तीच मुदत आणि तीच माध्यमं हवीत, नाहीतर तुम्ही ब्रँडला असं काही विकाल जे मॉडेलने तुम्हाला दिलेलंच नाही. मैदान किंवा ट्रॅक वापरायचा तर व्यावसायिक शूटची लेखी परवानगी काढा. सामन्याचं प्रेसकार्ड इथे चालत नाही. आणि सेटवरचं घड्याळ, बाटली, बूट, बॅग यांवर दुसऱ्या ब्रँडचं नाव नाही ना, हे त्या नाडीवाल्या माणसालाच बघू द्या. आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय तारीख पक्की करू नका. अवघडल्यासारखं वाटेल, तरीही.

पहिल्यांदाच करताय हे सांगा. त्यांना ते पोर्टफोलिओवरून दिसलंच असणार, आणि तरी त्यांनी तुम्हालाच विचारलं, बहुधा धावण्याच्या फोटोंसाठी. पण नुसतं सांगून थांबू नका. त्याच फोनवर तीन सॅम्पल मागून घ्या: एक निऑन, एक जाळीचं, एक काळं. आठवडाभरात एका धावणाऱ्या मित्राला घालून प्रत्येकाचा एक कॅटलॉगचा आणि एक हालचालीचा असे सहा फोटो काढा आणि दोन दिवसांच्या प्रस्तावासोबत पाठवा. काळं सॅम्पल एकच देतो म्हणाले तर टाइट्स आणि जॅकेट दोन्ही मागा.